बसलेल्या नाकाची भरण

३ नोव्हेंबर, सोमवार

नाक माझं, आणि तो डॉक्टर बोलतोय सुहानाकडं बघून. मम्मींचं वय किती, मम्मींना शुगर आहे का, मम्मींना नक्की करायचंय का. मम्मी काय बहिरी आहे? मम्मी समोर बसलीय, दोन तास नंबर लावून. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, इकडं बघा. बसलंय ते माझं बसलंय. पोरीचं चांगलं हाय." तेव्हा कुठं वळला. मग चार मिनिटांत सगळं सांगून मोकळा. नाकपुडीच्या आतून बारका छेद घ्यायचा, बाहेर डाग दिसत नाही, सिलिकॉनची तयार पट्टी आत सरकवायची, तासाभराचं काम. मी विचारलं, सरकवताना तुम्हाला आतलं दिसतं का? म्हणाला, "मावशी, हाताला अंदाज असतो." पट्टी हलली तर? "सहसा हलत नाही." सहसा! मी गिऱ्हाइकाला सांगितलं की सहसा शीटेची शिलाई उसवत नाही, तर तो गाडीवरनं उतरायचासुद्धा नाही.

मग म्हटलं, दोन वर्षांमागं केलेलं एखादं नाक दाखवा. तर त्यानं असं तोंड केलं, जसं मी त्याचंच नाक मागितलं. पेशंटची माहिती देता येत नाही म्हणे. मला माहिती नको, नाव नको, गाव नको. मला नाक पाहिजे. गाडीची नवी शीट सगळ्यांचीच टकाटक दिसते. दोन पावसाळे खाल्ले की कारागीर कळतो.

आणि जाता जाता काय म्हणाला? "श्वासासाठी असेल तर ठीक, पण दिसण्यासाठी आता या वयात कशाला?" सत्तेचाळीस वय माझं. या वयात नाक काय खुंटीला अडकवून ठेवायचं?

ही डायरी ट्रॅक्टरच्या शोरूमनं दिलेली, जानेवारीपासून कोरी पडलेली. माझी शाळा चौथीपर्यंत. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. डॉक्टर बोलतो त्यातलं निम्मं घरी येईपर्यंत सांडतं, म्हणून लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी पडली की माझं नाक बंद. उजवी बाजू तर कायमची बंद. तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी जीभ पापडासारखी वाळलेली. त्यात फोम कापताना भुसा उडतो तो सगळा घशात. छातीच्या डॉक्टरनं सांगितलं, छाती ठीक आहे, नाक नीट करून घ्या.

कशानं बसलं ते लिहिते. एकोणीस वर्षं झाली. आमचं शीटा भरायचं दुकान तेव्हा उचगावला नवीन होतं, आता आहे तिथंच, पत्र्याचं होतं एवढंच. एका जीपची मागची शीट आली होती. आत नागमोडी स्प्रिंगा असतात, त्या पक्कडीनं ताणून लोखंडी सांगाड्याच्या हुकात बसवायच्या. बादशहा ओढत होता, मी हूक धरून बसले होते. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, वहीत घेते.) स्प्रिंग सुटली आणि माझ्या नाकावर बसली. माझंच डोकं पुढं होतं. तेव्हा पोर दूध पीत होती, ऊस कारखान्यांचा हंगाम चालू होता, कोण दवाखान्यात जातंय. सूज उतरली आणि मधला पूल खाली गेला तो गेलाच.

दिसण्यासाठी पण पाहिजे मला. खोटं कशाला लिहू, वही माझी आहे. नणंदेच्या पोरीच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "मामी, पदर खाली घ्या, तोंड दिसंना." मी घेतला नाही. रात्री अंथरुणावर एक विचार येतो, अल्लानं दिलेलं नाक बदलायला निघालीस का खैरून? पण हे अल्लानं दिलेलं नाहीच. हे स्प्रिंगनं दिलेलं.

६ नोव्हेंबर

आज एक बुलेटची शीट मधोमध बसलेली आली. म्हटलं, करूनच बघू. कव्हर न उघडता खालच्या चार पिना काढल्या, हात घालून फोमचा तुकडा आत सारला, पिना मारल्या. पंधरा मिनिटं. वरून बघितलं तर एकदम गुळगुळीत. बादशहाला म्हटलं, बसा. तो बसला, उठला, परत बसला. म्हणाला, "डाव्या अंगाला गोळा हाय."

मग सगळं कव्हर उतरवलं. आतला जुना फोम चिरलेला होता, माझा तुकडा त्या चिरेत जाऊन वाकडा बसलेला. वरून काय कळणार होतं? पण दुसरी गोष्ट पण खरी. कव्हर एकदा उतरवलं की परत चढवताना ते पहिल्यासारखं नसतं. ताणावं लागतं, एखादी सुरकुती राहते, बसायला दिवस लागतात. उगाच उघडू नये. आतला साचा धड असेल तर पिना काढून होतं.

म्हणजे आता प्रश्न असा, माझ्या आत काय धड आहे?

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्या डॉक्टर. शिवाजी पेठेतल्या. निशिगंधा नाव, चाळिशीच्या आतल्या, आवाज बारीक पण बोट घट्ट. आधी माझ्या नाकाचा शेंडा दाबला, तो पार आत गेला, माझ्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "भिंत खचलीय. दोन नाकपुड्यांच्या मधे जी भिंत असते ना, ती. त्यामुळं वरचं छप्पर खाली आलंय."

मी बुलेटचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बरोबर दोन्ही पद्धती सांगितल्या. आतून केलं तर बाहेर डाग नाही, सूज लवकर उतरते. थोडंसं घासायचं असेल, सांगाडा शाबूत असेल, तर मीही आतूनच करते. तुमचं मी उघडून करीन. नाकपुड्यांच्या मधली जी दांडी आहे, तिच्यावर बारीक छेद घ्यायचा आणि कातडी वर उचलायची. सगळं डोळ्यांसमोर येतं. मोजता येतं, टाके घालता येतात. पण शेंड्याची सूज बरेच महिने राहते आणि छेदाची रेघ राहते, नीट बघितलं तर दिसेल अशी."

"आणि सिलिकॉन?"

"काहींना वर्षानुवर्षं टिकतं. पण पट्टी कशावर तरी टेकायला पाहिजे. तुमची भिंतच नाही. शिवाय परकी वस्तू आहे, कधी पिकते, कधी कातडीतून बाहेर येते."

म्हणजे सांगाडा मोडलाय आणि वर जाड फोम टाका, असं झालं. मग भरण कशाची घालणार? कानाची चालते म्हणे, पण ती मऊ आणि गोल, भिंत उभी करायला पुरणार नाही. बरगडीची लागेल.

मी उठूनच उभी राहिले. "बरगडी काढणार?"

"बसा, बसा. हाड नाही काढत. बरगडीच्या पुढच्या टोकाला कूर्चा असते, त्यातला बोटाएवढा तुकडा."

"मटणात पांढरं चघळायला लागतं तसलं?"

त्या हसल्या. "तसलंच."

आता हे मला फार आवडलं, म्हणून नीट लिहिते. बरगडीची कूर्चा कापली की ती वाकते. तिच्यात ताण असतो. म्हणून कापून मिठाच्या पाण्यात ठेवतात, वाकायचं तेवढं वाकू देतात, मग बघून मधला सरळ भाग घेतात. आमच्या सोफ्याच्या लाकडाचं हेच आहे. ओलं लाकूड फ्रेमला लावलं की सहा महिन्यांत सोफा पाय वर करतो. त्यांना म्हटलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाल्या, "माझ्या सरांनी. आणि एका वाकलेल्या नाकानं." खरं बोलणारी बाई आहे.

मी विचारलं, कापणार कोण? म्हणाल्या, मीच. टाके? तेही मीच. दोन वर्षांमागचं नाक दाखवाल? तर म्हणाल्या, "त्यांना विचारते. ते हो म्हणाले तर नंबर देते." एवढं सोपं होतं.

पण एक भीती घातली. वय वाढलं की ही कूर्चा कडक होते, हाडासारखी. छातीचा स्कॅन करून बघावं लागेल, नाकाचाही. सगळं जमलं तर २४ तारखेला टेबल मोकळं आहे. त्यानंतर जानेवारी. फॉर्मवर घरच्या माणसाची सही पण पाहिजे.

९ नोव्हेंबर

फॉर्म बादशहापुढं ठेवला. सगळं सांगितलं, छेद, बरगडी, पंधरा दिवस वाकायचं नाही, दीड महिना ओझं नाही. तो फॉर्मकडं बघत बसला. मग म्हणाला, "बघू."

"बघू काय? चोवीस तारीख हाय."

"हाय तसं नाक काय वाईट हाय?"

"तुमी एकोणीस वर्सांत नीट बघितलंय का माज्या तोंडाकडं?" मी म्हटलं. उठूनच गेला.

मला कळतं कारण. ऊसतोडणी चालू झाली, ट्रॅक्टरच्या शीटा रोज चार-पाच येतात, मी पडले तर शिलाईला कोण? ह्याला दुकानाची काळजी. आज एक रिक्षा आली स्प्रिंग बदलायला, तर लगेच मला, "खैरून, जरा चहा सांगून ये." नेहमीचंच. स्प्रिंगचं काम निघालं की ह्या माणसाला नेमका चहा लागतो. मी परत येईपर्यंत स्प्रिंगा लावून झालेल्या असतात. एवढी वर्षं झाली, मला एका स्प्रिंगेला हात लावू दिला नाही. मला काय येत नाही का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इचलकरंजीला जाऊन आले, सुहानाला घेऊन. डॉक्टरबाईंनी नंबर दिला त्या माणसाचं नाव सयाजी, यंत्रमागावर आहे. तीन वर्षांमागं मागातला सूत घेऊन पळणारा धोटा उडून त्याच्या नाकावर बसला होता. त्यानं सांगितलं पाळीवर या, घरी सापडत नाही. शेडमधे तो आवाज! काही म्हणता काही ऐकू येईना. मी ओरडून म्हटलं, "नाकाला हात लावू का?" नेमका तेव्हाच जवळचा माग थांबला. चार माणसं वळून बघायला लागली. सुहाना भिंतीकडं तोंड करून उभी.

सयाजी म्हणाला, "लावा की पावणं, आता लाजताय कशाला? सगळ्यांनी ऐकलं."

शेडमागं त्याची आई धोंडुबाई डबा घेऊन बसली होती. तिच्यापुढंच मी नाक दाबलं. आजिबात आत जाईना.

"कडक हाय," मी म्हटलं.

"माजी बरगडी हाय ती. माज्यावानीच असणार."

धोंडुबाई म्हणाली, "पयलं सा म्हैनं बटाटा हुता बटाटा. मी म्हनलं, ह्येच्यापरास चेपल्यालं बरं हुतं. वरीस गेलं तवा नाक आलं."

नाकाखालची रेघ बघितली. बोटभर अंतरावरून दिसते, हातभर अंतरावरून नाही. पूल सरळ आहे, पण खालच्या बाजूला सुतभर डावीकडं गेलाय. त्याला सांगितलं तर म्हणाला, "व्हय, डॉक्टरबाईबी म्हनतात. परत उघडूया का म्हनल्या. मी म्हनलं न्हाय, मला नवरीच्या मांडवात बसायचं न्हाय." शेंड्याला अजून बधिरपणा आहे, आणि सर्दीत पुसताना नाक वाकत नाही, सरळच राहतं. दुखलं कुठं? नाकाचं काही नाही, छातीचं. "पंधरा दिवस हसू नगा फकस्त."

"मला हसवणारं घरात कोन न्हाय," मी म्हटलं. सुहाना हसली.

श्वास कसा? म्हणाला, घरी आल्यावर पहिल्यांदा तोंड मिटून झोपलो, तर बायकोनं मध्यरात्री गदागदा हलवलं. घोरणं बंद झालं म्हणून तिला वाटलं संपला.

निघताना त्यानं विचारलं, "तुमचं कशानं?"

"स्प्रिंग उडाली. माजंच डोकं पुढं हुतं."

तो म्हणाला, "मालकबी मला असंच म्हनला हुता. तुजंच डोकं पुढं हुतं म्हनून."

काय बोलतो माणूस. आमच्यात कोण मालक आलाय?

१४ नोव्हेंबर

बादशहाला सयाजीचं सगळं सांगितलं. ऐकलं. एकच विचारलं, "छाती किती दिवस दुखली?"

फॉर्म तसाच, शिलाई मशीनवर. वर दाभण ठेवलीय, उडू नये म्हणून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज ट्रॅक्टरवाला दुकानात बोंबलतोय आणि आमचे मालक इस्त्रीचा शर्ट घालून गायब. अकराला गेले, दोनला आले. कुठं गेलता? "रेक्झिन बघायला." रेक्झिन कुठाय? "बरं न्हवतं." इस्त्रीचा शर्ट घालून रेक्झिन बघतात हे मला आजच कळलं. मी एकटीनं तीन शीटा ओढल्या.

रात्री मीही डगमगले. आरशापुढं बोटानं पूल वर उचलून बघितला. कुणीतरी दुसरीच बाई दिसली. बरी होती, पण तिची माझी ओळख नाही. आणि बेशुद्ध केल्यावर उठलेच नाही तर? सुहानाचं लग्न व्हायचंय. असले विचार दिवसा येत नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

छातीचा स्कॅन चांगला. कूर्चा अजून कापण्यासारखी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, काठ कडक झालेत, मधला भाग छान आहे. या वयात म्हणे! त्या पहिल्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे होता.

पण मग त्यांनी एक साधाच प्रश्न विचारला आणि मी अडकले. "मार कुठून बसला होता?"

"समोरून. माझंच डोकं पुढं होतं."

त्यांनी नाकाचा स्कॅन उजेडापुढं धरला. बराच वेळ बघितला. "समोरून वाटत नाही. समोरून बसला असता तर दोन्ही बाजू सारख्या चेपल्या असत्या. इथं खालून, उजवीकडून वर गेल्यासारखं दिसतंय. आणि भिंत दोन ठिकाणी तुटलीय. एकदाच लागलं होतं, का दोनदा?"

मला सांगता येईना. मी हुकाकडं बघत होते. डोळे खाली. नंतर जमिनीवर होते, एवढंच आठवतं. मग एवढी वर्षं मी लोकांना सांगत काय होते? माझंच डोकं पुढं होतं, हे मला कुणी सांगितलं? बहुतेक मीच सांगितलं. तेव्हा बादशहा एवढा गप्प झाला होता की कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"तिथं दुसरं कोणी होतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "विचारून या. उघडल्यावर दिसेलच, पण आधी कळलं तर किती कूर्चा घ्यायची ते ठरवता येईल. छाती जास्त कापायला नको."

मी उठले तर म्हणाल्या, "तुमचे मिस्टर शनिवारी येऊन गेले. तुम्हाला माहीत असेलच."

मला काय माहीत! म्हटलं, कशाला?

"त्यांची बरगडी चालेल का, विचारत होते. दुसऱ्याची जिवंत माणसाची कूर्चा घेत नाही आम्ही, समजावून सांगितलं. तरी दोनदा विचारलं. मग म्हणाले, निदान अशी पद्धत करा की तिला कमीत कमी दुखेल."

माझं डोकंच फिरलं. मला न सांगता! आणि असला अडाणी प्रश्न! अडतीस वर्षं हा माणूस शीटा भरतोय, एका गाडीचा फोम दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसतो का? रस्ताभर सुहानाला बडबडत आले. मी पडले की शिलाई बंद, म्हणून स्वतःच पडायला निघालेत.  घराजवळ आल्यावर सुहाना म्हणाली, "अम्मी, तू कधीकधी ना." आणि पुढं निघून गेली. मी कधीकधी काय?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा विचारलं.

"त्या दिवशी स्प्रिंग कुठल्या बाजूनं आली?"

बादशहानं पक्कड हातात घेतली. "झाली की त्येला एकोणीस वर्सं."

"मी वर्सं न्हाय इचारली. बाजू इचारली."

"लक्षात न्हाय."

"डॉक्टरबाई म्हनतात खालनं, उजवीकडनं. मी हूक धरल्याला. उजवीकडं तुमी हुता."

 पक्कड ठेवली, परत उचलली, परत ठेवली.   मग म्हणाला, "चहा सांगून येतो." चहाचा भरलेला कप त्याच्यापुढंच होता.

तासानं आला. डोळे लाल. फोमचा भुसा गेला असणार, म्हटलं तोंड धुवा. फॉर्मवर सही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे पान फाडून तुमच्या मशीनवर ठेवतेय, फॉर्मखाली. तुम्हाला मराठी वाचता येतं, मला माहीत आहे. दुकानाची पाटी तुम्हीच रंगवलीय.

तोंडानं विचारलं की तुम्ही बाहेर जाता, म्हणून लिहून विचारते. मी ठरवलंय. उघडूनच करायचं, बरगडीचं करायचं, त्या बाईंकडूनच करायचं. सयाजीसारखं सुतभर वाकलं तरी चालेल मला. जानेवारीपर्यंत थांबणार नाही. तुम्ही सही दिली नाही तर सुहाना देईल, ती सज्ञान आहे, मी डॉक्टरबाईंना विचारलंय. मला ती तुमची पाहिजे, ते वेगळं.

तुमची बरगडी मी मागितली नव्हती. बाजू मागितलीय. स्प्रिंग कुठून आली, पक्कड सुटली का ढिली धरली होती, तुमचं लक्ष कुठं होतं, मी पडल्यावर परत लागलं का. तुम्ही काय ते बघितलं, मी नाही. एकोणीस वर्षं मी सगळ्यांना माझंच डोकं पुढं होतं म्हणून सांगितलं, आणि तुम्ही शेजारी उभं राहून एकदासुद्धा नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. शिव्या द्यायला विचारत नाही. देईन कदाचित, पण त्यासाठी विचारत नाही. कुठलीही शीट मी कशानं बसली ते विचारल्याशिवाय उघडत नाही, आणि हे तर माझं तोंड आहे.

सोमवारी सकाळी सातला मला आत घेणार. डॉक्टरबाईंना शनिवारी सांगायचंय. म्हणून तुम्ही मला शुक्रवारी सांगायचं, जुम्म्याच्या नमाजला बाहेर पडायच्या आधी, माझ्यापुढं उभं राहून, माझ्या तोंडाकडं बघून. 'बघू' हे उत्तर मी धरणार नाही.